निलंबित लायसन्सवर वाहन चालवल्याचे चलान लढवायचे असेल तर

लायसन्स निलंबित असताना वाहन चालवल्याबद्दल चलान निघते, तेव्हा ज्याच्या नावावर ते निघते त्याला बहुधा एकच गोष्ट सुचते : रक्कम भरावी आणि विषय मिटवावा. कधी कधी तेच शहाणपणाचे असते. परंतु हा गुन्हा सिद्ध होण्यासाठी पोलिसांनी रस्त्यावर काय पाहिले एवढे पुरत नाही. त्याआधी केव्हातरी, आरटीओच्या एखाद्या टेबलावर, कायद्याने सांगितलेल्या पद्धतीने एक लेखी आदेश निघालेला असावा लागतो. तो आदेश खरोखर निघाला होता का, कोणी काढला, किती काळासाठी आणि कोणत्या वर्गाच्या वाहनांसाठी काढला, आणि चलान निघाले त्या वेळी तो अमलात होता का, या प्रश्नांच्या उत्तरांवर सगळे प्रकरण अवलंबून असते. म्हणून भरायचे की लढायचे हे ठरवण्याआधी तो कागद मिळवावा. पुढील माहिती महाराष्ट्रातील वाहनचालक डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. कायदा केंद्राचा असल्यामुळे गोव्यातही तोच लागू होतो, कार्यालयांची नावे आणि संकेतस्थळे तेवढी वेगळी.

चलानावरचे कलम आधी वाचा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८२(१) मध्ये अपात्र ठरवलेल्या व्यक्तीने सार्वजनिक किंवा इतर कोणत्याही ठिकाणी वाहन चालवण्याचा गुन्हा येतो. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी त्याचा दंड पाचशे रुपयांपर्यंत होता. आता शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी आहे. वैध लायसन्स नसताना वाहन चालवण्याचा गुन्हा मात्र कलम ३ आणि १८१ मध्ये येतो आणि त्याचा दंड पाच हजार रुपये आहे. मुदत संपलेले लायसन्स, कधीच न काढलेले लायसन्स आणि निलंबित लायसन्स या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यावर ई-चलानाच्या यंत्रात कलम निवडताना त्यांची सरमिसळ होते. आपले लायसन्स केवळ नूतनीकरणाअभावी बाद झाले असेल आणि चलान कलम १८२ चे असेल, तर आरोपच चुकीचा आहे, आणि हा मुद्दा पहिल्याच अर्जात मांडावा. मात्र त्यामुळे कलम १८१ ची जबाबदारी टळत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

गाडी आपली असून चालवणारा दुसरा कोणी होता, अशा वेळी कलम १८० येते. लायसन्स नसलेल्याला किंवा अपात्र व्यक्तीला वाहन चालवू दिल्याबद्दल मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याउलट, कलम १८२ चा आरोप फक्त प्रत्यक्ष चालवणाऱ्यावरच ठेवता येतो. कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रावरून नंबरप्लेट कळते, चाकामागे कोण बसले होते ते कळेलच असे नाही. केवळ मालकाच्या नावावरून, तो मालक निलंबित आहे हे पाहून कलम १८२ लावले गेले असेल, तर चालक कोण होता हे सिद्ध करण्याचे काम सरकार पक्षाचे आहे. पण अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने विचारल्यास चालकाचे नाव-पत्ता सांगणे कलम १३३ नुसार मालकाचे कर्तव्य आहे. भावाचे किंवा मेहुण्याचे नाव उगाच पुढे करण्याची युक्ती काही लोक सुचवतात. ती करू नये, कारण दहा हजारांचे प्रकरण खोट्या माहितीच्या गुन्ह्यापर्यंत जाऊन पोहोचते.

आपल्या नकळत लायसन्स निलंबित कसे होते

कलम १९ नुसार लायसन्स निलंबित करण्याचा, कायद्याच्या भाषेत धारकाला ठरावीक काळासाठी अपात्र ठरवण्याचा, अधिकार अनुज्ञप्ती (लायसन्स) प्राधिकाऱ्याला म्हणजे व्यवहारात आरटीओला आहे. कलम २० खाली न्यायालयही शिक्षा देताना अपात्र ठरवू शकते. कलम २१ मध्ये आणखी एक प्रसंग येतो : धोकादायक वाहन चालवल्याबद्दल पूर्वी शिक्षा झालेल्या चालकावर, तशाच चालवण्याने मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवल्याचा गुन्हा नोंदला गेला, तर नोंदणीच्या तारखेपासून सहा महिने लायसन्स निलंबित होते. वाहतूक पोलिसाला मात्र स्वतः लायसन्स निलंबित करता येत नाही. तो ते जप्त करून पाठवू शकतो, एवढेच. २०२२ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट शब्दांत मांडला आहे. तो निकाल महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नसला, तरी त्याचा आधार कलमाच्या शब्दांतच आहे आणि युक्तिवादात त्याचा उपयोग होतो.

बहुतेक गोंधळ कलम २०६(४) मधून सुरू होतो. २०१९ मध्ये आलेल्या या पोटकलमानुसार अतिवेग, धोकादायक वाहन चालवणे (यात सिग्नल तोडणे आणि हातात मोबाईल धरणे येते), मद्यपान करून चालवणे, शर्यत लावणे, दुचाकीवर तिघे बसणे, हेल्मेट न घालणे, रुग्णवाहिकेला वाट न देणे अशा गुन्ह्यांत पोलिसाने लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवायचे असते. आरटीओने धारकाचे म्हणणे ऐकून, पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्रता आणि पुढच्या गुन्ह्यासाठी लायसन्स रद्द असा आदेश द्यायचा, किंवा कारवाई न करता त्याला मोकळे करायचे. आता सामान्य माणूस काय करतो? हेल्मेटचा किंवा सिग्नलचा दंड मोबाईलवरून भरतो आणि विसरून जातो. परंतु कलम २०० मध्येच म्हटले आहे की गुन्ह्याची तडजोड झाली, म्हणजे ठरलेली रक्कम भरून तो मिटवला, तरी कलम २०६(४) खालची कारवाई संपत नाही. दंड भरून झाला, लायसन्सची फाईल मात्र पुढे सरकत राहिली, नोटीस लायसन्सवरच्या जुन्या भाड्याच्या घरी गेली, आणि काही महिन्यांनी नाकाबंदीत पोलिसाच्या यंत्रावर ‘निलंबित’ अशी नोंद दिसली, असा हा प्रवास असतो.

ही नोंद पोलिसाला लगेच दिसते, कारण १ ऑक्टोबर २०२० पासून अमलात आलेल्या नियमांनुसार अपात्र ठरवलेल्या आणि रद्द केलेल्या लायसन्सचा तपशील परिवहन पोर्टलवर क्रमाने नोंदवून अद्ययावत ठेवणे बंधनकारक आहे. नोंद चढवली जाते. मुदत संपल्यावर ती उतरवली जातेच असे नाही. लढवण्याजोग्या प्रकरणांचा एक मोठा भाग या दिरंगाईतून निर्माण होतो.

जप्तीच्या पावतीचा फरक

लायसन्स जप्त करताना पोलीस जी तात्पुरती पावती देतात तिच्याबद्दल फार गैरसमज आहेत. आरोपी समन्स टाळेल किंवा पळून जाईल अशा शंकेने कलम २०६(२) खाली लायसन्स घेतले असेल, तर पोटकलम (३) प्रमाणे मिळालेल्या पावतीवर, लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा पावतीत लिहिलेल्या तारखेपर्यंत, वाहन चालवता येते. पण लायसन्स पोटकलम (४) खाली, म्हणजे निलंबनासाठी पाठवायला, घेतले असेल तर त्या पावतीवर वाहन चालवता येत नाही, असे कायदाच सांगतो. म्हणून पावती काढून तिच्यावर कोणते पोटकलम लिहिले आहे ते पाहावे. ती २०६(३) ची असेल तर तो बचावाचा भक्कम पुरावा आहे. ती २०६(४) ची असेल आणि आरटीओचा आदेश अजून निघालेलाच नसेल, तर ‘मी अजून अपात्र ठरलेलो नाही, म्हणून कलम १८२ लागू होत नाही’ असा युक्तिवाद करता येतो आणि तो करावाही. मात्र कलम ३ व १८१ चा प्रश्न त्यानंतरही उपस्थित होऊ शकतो, म्हणून त्या एका मुद्द्यावर सगळी भिस्त ठेवू नये.

पहिले काही दिवस

रस्त्यावर हुज्जत घालून काहीही साधत नाही. चलानाचा क्रमांक, वेळ, ठिकाण, लावलेले कलम, अधिकाऱ्याचे नाव आणि बक्कल नंबर लिहून घ्यावा. ‘लायसन्स सस्पेंड असल्याचे मला माहीत होते’ अशा अर्थाच्या कोणत्याही मजकुरावर सही करू नये. गाडी कलम २०७ खाली अटकावून ठेवली असेल तर तिची पावती घ्यावी आणि आर.सी., विमा, पीयूसी घेऊन सोडवण्याचा अर्ज त्याच कार्यालयात करावा. प्रकरण न्यायालयात गेले असल्यास गाडी सुपूर्दनाम्यावर (न्यायालयाला लेखी हमी देऊन) मागावी लागते. गाडी घरी आणायला मात्र वैध लायसन्स असलेला दुसरा माणूस न्यावा, कारण स्वतः चालवत आणली तर वाटेत दुसरे चलान होण्याची पुरेपूर शक्यता असते.

त्याच दिवशी सारथी या लायसन्सविषयक सरकारी पोर्टलवर आपल्या लायसन्सची स्थिती उघडून तारखेसह छापील प्रत काढून ठेवावी. नंतर ती नोंद बदलू शकते आणि चलानाच्या सुमारास ती काय दाखवत होती हे पुढे सांगावे लागते. न्यायालयात अशी छापील प्रत पुरावा म्हणून द्यायची असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, याची वकिलांना आठवण करून द्यावी.

या टप्प्यावर रक्कम भरू नये, हा माझा आग्रह आहे. कलम २०० खाली तडजोड रक्कम भरली की त्या गुन्ह्याची पुढील कारवाई संपते, आणि त्याबरोबर आपले म्हणणे मांडण्याची संधीही संपते. लोकअदालतीची नोटीस आली असेल तरी तोच विचार करावा. लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे, तिथे साक्षीपुरावा होत नाही, आणि तिथल्या निवाड्यावर अपील नाही. ज्याला आरोप मान्य आहे त्याच्यासाठी ती सोय उत्तम आहे. ज्याला तो अमान्य आहे त्याने तिथे जाऊन ‘मला हे मान्य नाही’ एवढे नोंदवून बाहेर पडावे.

आदेशाची प्रत मिळवणे

आरटीओ कार्यालयात तोंडी विचारणा केली तर बहुधा ‘सिस्टिमला सस्पेंड दाखवतंय’ एवढेच उत्तर मिळते. त्यावर समाधान मानू नये आणि वादही घालू नये. लेखी अर्ज आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. अर्जाचा मजकूर साधारण असा असावा :

‘माझ्या वाहन चालविण्याच्या अनुज्ञप्ती क्रमांक ____ बाबत आपल्या कार्यालयाने मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९ खाली आदेश काढला असल्यास त्या आदेशाची, त्यापूर्वी पाठवलेल्या कारणे दाखवा नोटिशीची, नोटीस व आदेश पाठवल्याबाबत जावक नोंदवहीतील नोंदीची व टपालाच्या पोचेची, तसेच सुनावणी झाली असल्यास तिच्या नोंदीची साक्षांकित प्रत मिळावी. असा कोणताही आदेश काढला नसल्यास तसे लेखी कळवावे.’

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘आदेश आढळून येत नाही’ असे लेखी उत्तर मिळाले, तर कलम १८२ चे प्रकरण जवळजवळ तिथेच संपते. या अर्जाला उत्तर मिळाले नाही तर तोच मजकूर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपयांच्या शुल्कासह द्यावा. त्याला तीस दिवसांत उत्तर देणे जनमाहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. जावक नोंदवहीची नोंद मागण्याचे कारण असे की आदेश काढणे वेगळे आणि तो धारकापर्यंत पोहोचणे वेगळे. फाईलमध्ये आदेशाची कार्यालयीन प्रत असते, पण तो पाठवल्याचा पुरावा मात्र नसतो, असे घडू शकते.

आदेश हाती आल्यावर काय पाहायचे

प्रथम तारीख आणि मुदत पाहावी. अपात्रतेचा काळ आदेशात जसा लिहिला असेल तसाच धरला जातो. तो आदेशाच्या तारखेपासून मोजायचा की लायसन्स जमा केल्याच्या तारखेपासून, हे शब्दशः वाचावे. समजा, आदेश १० मार्चचा आहे, त्यात ‘आदेशाच्या दिनांकापासून तीन महिने’ असे म्हटले आहे आणि चलान २५ जूनचे आहे. अशा वेळी चलानाच्या दिवशी चालक अपात्र नव्हता, पोर्टलवर नोंद काहीही दिसो. तरीही त्यात एक अडचण आहे. कलम १९ च्या नव्या पोटकलमांप्रमाणे जमा केलेले लायसन्स मुदतीअखेर परत मिळण्यासाठी चालक उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. ते केलेले नसेल तर सरकार पक्ष ‘लायसन्स परत मिळालेलेच नव्हते’ असे म्हणेल. त्यावर उत्तर असे की अपात्रतेचा काळ संपणे आणि कार्ड परत मिळणे या दोन वेगळ्या बाबी आहेत आणि कलम १८२ अपात्र व्यक्तीबद्दल बोलते. हा युक्तिवाद सबळ आहे, पण प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हातात असेल तर तो करण्याची वेळच येत नाही.

त्यानंतर वाहनांचा वर्ग पाहावा. कलम १९ खाली सर्व वर्गांसाठी किंवा लायसन्सवर नमूद असलेल्यांपैकी काही वर्गांसाठीच अपात्र ठरवता येते, आणि कलम २३ प्रमाणे लायसन्स ‘तेवढ्यापुरतेच’ निष्प्रभ होते. रिक्षा, टॅक्सी, ट्रक चालवणाऱ्यांनी हे फार बारकाईने पाहावे. आदेश केवळ परिवहन वाहनांपुरता असेल आणि पकडले गेले ते घरच्या स्कूटरवरून किराणा आणताना, तर गुन्हाच घडलेला नाही. अशा प्रकरणांत आदेशाची प्रत आणि स्कूटरचे आर.सी. एवढ्या दोन कागदांवर काम होते.

मग आदेशाची कारणे आणि सुनावणी. कलम १९ मध्ये म्हणणे मांडण्याची संधी देणे आणि कारणे लेखी नोंदवणे या दोन्ही अटी आहेत. नोटीस न देता काढलेला, छापील नमुन्यात फक्त नाव आणि क्रमांक भरून काढलेला आदेश अपिलात टिकणे अवघड असते. मात्र ‘मला नोटीस मिळाली नाही’ असे नुसते म्हणून चालत नाही. योग्य पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवलेले पत्र पोहोचले असे कायदा गृहीत धरतो, आणि तसे झाले नाही हे आपल्याला दाखवावे लागते. लायसन्सवर जुना पत्ता तसाच ठेवला असेल तर ही बाजू लंगडी पडते. टपालाचे पाकीट ‘पत्त्यावर राहत नाही’ अशा शेऱ्यासह परत आले होते का, हे पोचेच्या प्रतीवरून कळते, आणि कळल्यावर आपल्याला बोलायला जागा मिळते.

अपील एकीकडे, खटला दुसरीकडे

इथे बरेच लोक वाट चुकतात. निलंबन चुकीचे होते हे सांगण्याची जागा कलम १९(३) खालचे अपील आहे. ते आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत, नियमांनी ठरवलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे करायचे असते. अपील कोणाकडे करायचे हे आदेशाच्या तळाशी लिहिलेले नसेल तर प्रतीच्या अर्जातच विचारून घ्यावे. मुदत आदेश ‘मिळाल्यापासून’ मोजली जाते. साक्षांकित प्रत ज्या दिवशी प्रथम हाती आली त्या दिवसाची पोच म्हणूनच जपायची. तरीही सावधगिरी म्हणून विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडावा. अपील दाखल केले म्हणजे निलंबन आपोआप थांबते, ही समजूत चुकीची आहे. स्थगिती स्वतंत्रपणे मागावी लागते आणि ती लेखी मिळेपर्यंत गाडी चालवायची नाही. अपील प्राधिकाऱ्याचा निर्णय कलमानुसार अंतिम असतो, त्यामुळे त्यापुढे उच्च न्यायालयात रिट याचिका एवढाच मार्ग उरतो. तीन महिन्यांच्या निलंबनासाठी तो खर्च परवडेल का, हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्याचे पोट स्टिअरिंगवर आहे त्याचा हिशेब वेगळा असतो.

चलानातला आरोप खोटा आहे हे सांगण्याची जागा न्यायालय आहे. त्याआधी महाट्रॅफिक ॲपवर किंवा ई-चलानाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. चुकीचे कलम, चुकीची गाडी, संपलेली मुदत अशा कागदावर दिसणाऱ्या चुकांसाठी हा मार्ग अवश्य वापरावा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. चलानावर किंवा नोटिशीत दिलेली मुदत मात्र तक्रारीमुळे थांबते असे समजू नये. प्रकरण आभासी (ऑनलाइन चालणाऱ्या) न्यायालयात गेले असेल तर तिथे दंड भरणे किंवा खटला लढवणे असे दोन पर्याय दिसतात. लढवण्याचा पर्याय निवडल्यावर ते हद्दीतील नियमित न्यायालयाकडे वर्ग होते.

अपिलाचा निकाल आपल्या बाजूने लागला तर त्याची प्रत फौजदारी प्रकरणात पुरशिशीसह (न्यायालयाला द्यायच्या छोट्या लेखी निवेदनासह) दाखल करावी. अपील प्रलंबित असेल तर तसे नमूद करून पुढची तारीख मागावी. दोन्ही ठिकाणी तारखा, पत्ते आणि घटनाक्रम तंतोतंत सारखे असले पाहिजेत. अपिलात ‘आदेश मला मिळालाच नाही’ आणि न्यायालयात ‘मुदत संपली असे मला वाटले’ असे लिहिलेले कागद एकत्र आले की दोन्ही बचाव गळून पडतात.

न्यायालयातील कामकाज

समन्स आल्यावर गैरहजर राहू नये, कारण त्यातून वॉरंट निघते आणि किरकोळ प्रकरण डोकेदुखी होऊन बसते. ठरलेल्या तारखेला येणे शक्य नसेल तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्यावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. अशा प्रकरणासाठी तिथे जाण्यात कमीपणा काहीच नाही.

दंडाधिकारी आरोपाचा मथितार्थ सांगून ‘गुन्हा कबूल आहे का’ असे विचारतात. कोर्टाच्या वऱ्हांड्यात ‘कबूल म्हणा, थोडक्यात सुटाल’ असा सल्ला हमखास मिळतो. कलम १८२ च्या बाबतीत तो सल्ला मला पटत नाही. कायद्यात दहा हजार रुपये ही रक्कम ‘पर्यंत’ या शब्दाशिवाय लिहिली आहे, त्यामुळे थोडक्यात सुटण्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. शिवाय कबुलीनंतर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ प्रमाणे, शिक्षेचे प्रमाण किंवा तिची वैधता एवढ्यापुरतेच अपील करता येते. आरोप मान्य नसेल तर ‘कबूल नाही’ एवढेच स्पष्ट सांगावे आणि ते रोजनाम्यात (न्यायालयाच्या त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीत) नोंदले गेले का ते पाहावे.

यानंतर सरकार पक्षाला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : वाहन आरोपीनेच चालवले, आणि त्या वेळी तो अपात्र होता. पहिली गोष्ट चलान करणाऱ्या पोलिसाच्या साक्षीतून येते. दुसरीसाठी आरटीओचा अभिलेख लागतो. पोलिसाने यंत्रावर पाहिलेली नोंद म्हणजे आदेश नव्हे, म्हणून उलटतपासणीचा भर इथे असावा. आदेशाचा क्रमांक व तारीख साक्षीदाराला माहीत आहे का, त्याने आदेश पाहिला होता का, त्यात वाहनांचा कोणता वर्ग नमूद आहे, मुदत कधी संपत होती, पोर्टलवरची नोंद कोण आणि केव्हा अद्ययावत करते, एवढे प्रश्न पुरेसे असतात. पोलिसाच्या हेतूवर शिंतोडे उडवण्याने काही मिळत नाही. त्याने यंत्रात जे दिसले त्यावरून कारवाई केली, हे मान्य करूनच नोंद चुकीची होती असे दाखवणे अधिक परिणामकारक ठरते. आपली कागदपत्रे, म्हणजे साक्षांकित आदेश, माहिती अधिकारातील उत्तर, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि पावती, यादीसह दाखल करावीत आणि मूळ प्रती प्रत्येक तारखेला सोबत ठेवाव्यात.

आणखी एक मुद्दा तारखांचा आहे. ज्या गुन्ह्याची शिक्षा एक वर्षापर्यंतच्या कैदेची असते, त्याची दखल घटनेपासून एका वर्षाच्या आत घेतली जावी अशी मर्यादा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे, आणि कलम १८२(१) त्यात बसते. जुने ई-चलान दोन-तीन वर्षांनी न्यायालयात आले तर हा आक्षेप पहिल्याच तारखेला लेखी घ्यावा. विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण त्यासाठी सरकार पक्षाला कारण द्यावे लागते. दोषी ठरवून दंड झालाच, तर सत्र न्यायालयात तीस दिवसांत अपील करता येते.

काही प्रकरणे लढवण्यासारखी नसतात, हेही मोकळेपणाने सांगायला हवे. आदेश सहीने स्वीकारला आहे, मुदत चालू आहे, वर्ग तोच आहे आणि गाडी आपणच चालवत होतो, अशी स्थिती असेल तर तडजोड करून उरलेला काळ गाडी घरी ठेवणे हाच शहाणा मार्ग आहे. त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनी कलम १५० मधील बचाव पुढे करते आणि भरपाईचा बोजा अखेर स्वतःवर येऊ शकतो. त्यापुढे दहा हजार ही लहान रक्कम ठरते.

निर्दोष सुटका झाली किंवा आरटीओने आदेश मागे घेतला, तर निकालाची प्रमाणित प्रत नक्कल विभागातून काढावी. एक प्रत अर्जासह आरटीओकडे द्यावी आणि सारथीवरील निलंबनाची नोंद काढण्याची मागणी करावी. दुसरी प्रत वाहतूक शाखेकडे देऊन ई-चलान प्रलंबित यादीतून वगळण्यास सांगावे. दोन्हींवर पोच घ्यावी. न्यायालयाचा निकाल पोर्टलवर आपोआप चढत नाही, म्हणून काही दिवसांनी स्वतः नोंद उघडून पाहावी. ती दुरुस्त झालेली नसेल तर निकालाची एक प्रत दुरुस्ती होईपर्यंत गाडीतच ठेवावी.